पुण्यात मास टिंबरची शाळा बांधावी का?

प्रश्न: पिरंगुटजवळ आमच्या शिक्षणसंस्थेला सोळा वर्गांची, तळमजला अधिक दोन मजल्यांची नवी शाळा बांधायची आहे. आर्किटेक्टने आरसीसीऐवजी मास टिंबर, म्हणजे कारखान्यात लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेले जाड खांब, तुळया आणि तक्ते, सुचवले आहे. विश्वस्तांमध्ये दोन तट पडले असून आग, वाळवी आणि खर्च असे तीन आक्षेप आहेत. शक्य असल्यास येत्या जूनमध्ये, नाहीतर त्यापुढच्या जूनमध्ये वर्ग सुरू करायचे आहेत. संस्थेकडे जुन्या वाड्याचे सागवान पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर: अशी शाळा आपल्या हवामानात बांधता येते आणि ती चांगली टिकू शकते. मात्र आपल्या विश्वस्तांनी मांडलेल्या तीन आक्षेपांमध्ये मला सर्वांत काळजीचा वाटणारा आक्षेप आलेलाच नाही, आणि तो म्हणजे पाणी. पिरंगुट पुण्याच्या पश्चिमेला आहे. घाटाकडे जावे तसा पाऊस वाढत जातो, त्यामुळे शहरातल्या पावसाच्या अंदाजावर तिथले बांधकाम आखू नये. लाकडी शाळेचा आराखडा, वेळापत्रक, एवढेच काय स्वच्छतागृहांची जागासुद्धा, पाणी लाकडापर्यंत पोहोचू नये आणि पोहोचलेच तर लगेच दिसावे, या एका विचाराने ठरवावी लागते.

आधी वस्तू काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण विश्वस्तांच्या डोळ्यांसमोर बहुधा सुताराकडची फळी असते. वाळवून प्रतवारी केलेल्या पट्ट्या एकाच दिशेने एकमेकींवर चिकटवून जी तुळई किंवा खांब तयार होतो त्याला ग्लुलॅम म्हणतात. जर्मनीत ऑटो हेत्झर यांनी १९०६ साली त्याचे पेटंट घेतले. पट्ट्यांचे थर एकाआड एक काटकोनात रचून चिकटवले की सीएलटीचा तक्ता होतो, आणि हे तंत्र १९९०च्या दशकात ऑस्ट्रिया व जर्मनीत विकसित झाले. तीन, पाच किंवा सात थरांचा हा तक्ता स्लॅबसारखा किंवा भिंतीसारखा वापरता येतो. आपल्याकडच्या वाड्यांमध्ये खण मोजून खांब उभे करायचे, त्यांवर तुळया टाकायच्या आणि वर कडीपाट घालायचा, ही पद्धत होतीच. रचनेचा हिशेब तोच आहे, फरक आहे तो लाकडाच्या खात्रीचा आणि मापाच्या अचूकतेचा. लाकडी इमारतीत शाळा ही गोष्टही पुण्याला नवी नाही. १८२१ साली सरकारी संस्कृत पाठशाळा विश्रामबागवाड्यातच सुरू झाली. त्याच वाड्याला १८७९ साली आग लागली, हेही विश्वस्तांपैकी कोणीतरी काढणारच, म्हणून आगीचा मुद्दा आधी घेतो.

जाड लाकूड पेटते तेव्हा बाहेरच्या बाजूने कोळशाचा थर तयार होतो आणि तो थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. मऊ जातीच्या लाकडात हा कोळसा मिनिटाला साधारण ०.६५ मिमी वेगाने आत सरकतो, म्हणजे तासाभरात सुमारे ४० मिमी. आपल्या वर्गावरची तुळई २४० बाय ६०० मिमीची धरली आणि आग तिला खालून व दोन्ही बाजूंनी लागली, तर तासाभरानंतर सुमारे १६० बाय ५६० मिमीचा गाभा शिल्लक राहतो. त्याच्या कडेचा काही मिलिमीटरचा तापलेला भाग इंजिनिअर बिनकामाचा धरतात आणि उरलेल्या लाकडावर भार पेलतो की नाही ते तपासतात. हा हिशेब कागदावर आधीच करता येतो. तुळई आणि खांब यांना जोडणारी पोलादी पट्टी मात्र उघडी ठेवली तर ती लाकडाच्या कितीतरी आधी नरम पडते. म्हणून ती लाकडात खाच पाडून आत बसवावी आणि बोल्टची तोंडे लाकडी गुट्ट्यांनी बंद करावीत. नकाशे पाहताना मी सर्वांत आधी हेच तपासतो. सीएलटीबाबत आणखी एक अट घालावी लागते. गोंद उष्णतेत सुटला तर जळालेला थर खाली पडतो आणि आगीला ताजे लाकूड मिळते. या कारणासाठी उत्तर अमेरिकेच्या पीआरजी ३२० मानकाच्या २०१८च्या आवृत्तीत उष्णतेत न सुटणाऱ्या गोंदाची कसोटी बंधनकारक झाली. कारखाना युरोपातला असो वा भारतातला, खरेदीच्या करारात त्या दर्जाच्या गोंदाची मागणी लेखी असावी.

तरीही मुलांचे प्राण वाचतात ते मुख्यतः जिन्यांमुळे आणि स्वयंपाकघराच्या जागेमुळे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले दगावली. तिथे आग स्वयंपाकघराकडून शाकारलेल्या छपराला लागली होती आणि मुलांना बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. त्या दुर्घटनेतून उभ्या राहिलेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली शाळांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय इमारत संहितेचे पालन करण्याचे निर्देश दिले. म्हणून पोषण आहाराचा गॅस आणि चूल मुख्य इमारतीपासून पूर्ण वेगळ्या शेडमध्ये न्यावी. दोन्ही जिने आरसीसीचे आणि एकमेकांपासून लांब ठेवावेत. संहितेत शैक्षणिक इमारतींसाठी जिन्यापर्यंतचे अंतर अधिक अग्निरोधक बांधकामाला ३० मीटर आणि कमी अग्निरोधक बांधकामाला २२.५ मीटर दिलेले आहे. आपण कोणत्या वर्गात बसता यावर अग्निशमन अधिकाऱ्यांशी वाद घालत बसण्यापेक्षा आराखडाच २२.५ मीटरच्या आत बसवावा. व्हरांड्यात लाकूड उघडे ठेवू नये, तिथे जिप्सम बोर्डाचे आवरण द्यावे. वर्गांच्या छताचे लाकूड उघडे राहिले तर हरकत नाही. ते दिसणार नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी करायचा, असे मी स्पष्टच म्हणेन.

आता पाण्याकडे वळतो, आणि इथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. कारखान्यातून लाकूड निघते तेव्हा त्यात साधारण बारा टक्के ओलावा असतो. आपल्याकडे एप्रिलच्या कोरड्या हवेत तो सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरतो आणि भर पावसाळ्यात सोळा-सतरापर्यंत चढतो. दरवाजे श्रावणात फुगून अडकतात आणि माघात सैल होतात, हे आपण घरोघरी पाहतो. सहाशे मिलिमीटर उंचीच्या तुळईत तेच घडते. ओलावा आठ टक्क्यांनी बदलला तर तिची उंची एका सेंटिमीटरहून थोडी अधिक कमी-जास्त होते. ही हालचाल थांबवता येत नाही, तिला जागा द्यावी लागते. तुळईच्या टोकाला पोलादी पट्टीत वर-खाली दूरदूर बोल्ट घट्ट बसवले तर लाकूड आकसू पाहते, पोलाद आकसत नाही, आणि दोन बोल्टच्या ओळींमध्ये तुळई आडवी चिरते. वरच्या ओळीची भोके उभट ठेवली, किंवा सर्व बोल्ट खालच्या भागात एकत्र आणले, की हा प्रश्न सुटतो. त्याचप्रमाणे वरच्या मजल्याचा खांब खालच्या खांबावर थेट टेकला पाहिजे. मध्ये सीएलटीचा तक्ता किंवा तुळई आडवी आली तर प्रत्येक मजल्यागणिक इमारत थोडी बसत जाते आणि खिडक्यांच्या काचांवर ताण येतो. पहिल्या उन्हाळ्यात तुळयांवर लांबीच्या दिशेने बारीक भेगा दिसतील. त्या बहुतेक वेळा केवळ पृष्ठभागावरच्या असतात. पालकांच्या सभेत याचा खुलासा आधीच करावा, नाहीतर मोबाइलवर फोटो फिरू लागतात.

हवेतला ओलावा लाकूड सहन करते. साचलेले पाणी सहन करत नाही. ओलावा वीस टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की बुरशीला वाव मिळतो. तो राहतो कुठे, तर तक्त्याच्या कापलेल्या कडेला. लाकडाच्या रंध्रांची तोंडे तिथे उघडी असतात आणि कड पाणी ओढून घेते. खिडकीच्या उंबऱ्याखाली, जिथे पाणी बाहेर टाकणारी पत्र्याची पागोळी बसवायची राहून गेली आहे अशा जागी, पहिल्या पावसानंतर तक्त्याच्या कडेवर बोटभर रुंदीचा काळसर पट्टा दिसतो. नखाने दाबले तर लाकूड अजून कडक लागते, पण ओलावा मोजणाऱ्या मीटरची सुई पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेलेली असते. त्या वेळी उंबरा उघडून कड वाळवली, सील केली आणि पत्र्याची पागोळी लावली तर काम निभावते. वरून पुट्टी लावून रंग मारला तर काही वर्षांनी तो तुकडाच कापून काढावा लागतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की स्वच्छतागृहे, पिण्याच्या पाण्याचे नळ आणि प्रयोगशाळेची सिंक हे सगळे आरसीसी व विटांच्या दोन वेगळ्या बुरुजांत, दोन्ही जिन्यांना लागून घ्यावे. लाकडी मजल्याच्या वर पाण्याची एकही नळी जाऊ देऊ नये. गच्चीवर सपाट छप्पर आणि त्यावर टाकी, हा आपला नेहमीचा रिवाज इथे सोडून द्यावा. टाकी बुरुजावर ठेवावी, आणि वर्गांवर पुरेसा उतार असलेले, चारही बाजूंनी किमान एक मीटर पुढे आलेले छप्पर असावे. आणखी एक गोष्ट परदेशी नकाशांमध्ये सापडत नाही. आपल्या शाळांमध्ये सुट्टी संपताना बादल्यांनी पाणी ओतून, खराट्याने घासून फरशी धुतात. ही सवय सूचनाफलक लावून जात नाही. म्हणून तळमजल्यावर लाकडी खांब फरशीवर न टेकवता दीडशे मिलिमीटर उंच काँक्रीटच्या बैठकीवर, पोलादी बुटात उभा करावा, आणि वरच्या मजल्यांवर खांबाभोवती दगडी कड व फरशीखाली पाणीरोधक पडदा द्यावा.

वाळवीचा प्रश्न यामानाने सरळ आहे. आपल्याकडे इमारतींना उपद्रव देणारी वाळवी मुख्यतः जमिनीतून, मातीच्या नळ्या बांधत वर येते. जोते किमान ४५० मिमी उंच काँक्रीटचे ठेवावे, आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे पाया भरतानाच मातीवर रासायनिक प्रक्रिया करून घ्यावी, आणि मुख्य म्हणजे जोत्याची बाहेरची कड सर्व बाजूंनी उघडी ठेवावी, म्हणजे नळी वर चढताना शिपायाच्याही नजरेला पडेल. कडेने कुंड्यांची रांग किंवा बागेची माती चढवली की हा सगळा बंदोबस्त वाया जातो. बुटाच्या वरचे खांबांचे तळ बोरॉनसारख्या संरक्षकाने प्रक्रिया केलेले मागवावेत.

आता वेळापत्रक. येत्या जूनचा विचार सोडून द्यावा. लाकूड उभारण्यासाठी आपल्याकडे परतीचा पाऊस संपल्यापासून वळवाचा पाऊस सुरू होईपर्यंतचा, म्हणजे दिवाळीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ मिळतो. वळवाच्या सरी तासाभरात ज्या जोराने कोसळतात त्यात उघडा सीएलटीचा मजला भिजला तर सांध्यांतून पाणी खालच्या छतावर डाग पाडत उतरते आणि ते डाग घासून निघत नाहीत. त्यामुळे पाया, जोते आणि दोन्ही बुरुज या पावसाळ्याआधी जेवढे होतील तेवढे उरकावेत, पावसाळ्यात कारखान्याचे नकाशे पक्के करावेत, आणि दिवाळीनंतर माल जागेवर यावा. माल युरोपातून येणार असेल तर तांबड्या समुद्रातील अस्थिरतेमुळे २०२३च्या अखेरीपासून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत आली आहेत, तेव्हा प्रवासाला सढळ हाताने वेळ धरावा. खोदकामाइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे वायरिंग, पंखे, प्रोजेक्टर, सीसीटीव्ही यांचे प्रत्येक भोक मिलिमीटरमध्ये आधी ठरवणे, कारण ती भोके कारखान्यातच पाडली जातात. आरसीसीच्या कामात आपण स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावतो, तसे इथे चालत नाही.

माल न्हावा शेवाला कंटेनरमधून उतरणार, आणि ४० फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे १२ मीटर व रुंदी २.३५ मीटर असते. यावरून वर्गाचे माप ठरवावे. २.२५ मीटर रुंदीचे तीन तक्ते शेजारी मांडले की वर्गाची रुंदी ६.७५ मीटर होते, आणि तीन-तीन मीटरवर तुळया ठेवून ९ मीटर लांबीचा तक्ता अखंड टाकता येतो. असा ९ बाय ६.७५ मीटरचा वर्ग सीबीएसईच्या किमान ८ बाय ६ मीटरच्या मापापेक्षा मोठाच होतो. १४० मिमीचा तक्ता आणि वर सांगितलेली २४० बाय ६००ची तुळई वर्गाचा भार पेलायला प्राथमिक अंदाज म्हणून योग्य आहे. आयएस ८७५प्रमाणे वर्गासाठी चौरस मीटरला ३ आणि व्हरांड्यासाठी ४ किलोन्यूटन भार धरतात. जागेवर आल्यावर गुंडाळलेल्या प्लास्टिकला खालच्या बाजूने चिरा द्याव्यात, कारण आतला घाम बाहेर पडला नाही तर लाकूड पावसाविनाच भिजते. प्रत्येक खेपेचे ओलाव्याचे आकडे आणि कारखान्याचे चिकटणीचे चाचणी अहवाल ताब्यात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या वनविज्ञान इमारतीत २०१८ साली बांधकाम चालू असताना सीएलटीच्या तक्त्याचा भाग सुटून खाली कोसळला होता आणि त्याचे मूळ कारखान्यातल्या चिकटणीच्या दोषात निघाले. असे दोष डोळ्यांनी दिसत नाहीत.

भूकंपाच्या बाबतीत लाकूड आपल्या बाजूने आहे. १९९३ साली किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद यांनी माणसे गाडली गेली. इमारतीचे वजन जितके जास्त तितका भूकंपाचा धक्का जास्त. १४० मिमीचा सीएलटी चौरस मीटरला सत्तर किलोच्या आसपास भरतो, तर १५० मिमीचा आरसीसी स्लॅब पावणेचारशे किलो. भूकंपासाठीच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत पुणे तिसऱ्या झोनमध्ये आहे आणि शाळेसाठी महत्त्वगुणांक १.५, म्हणजे साध्या इमारतीच्या दीडपट भूकंपबल, धरावा लागतो. त्या मानकात सीएलटी भिंतींसाठी वेगळा गुणांक दिलेला नसल्याने, भूकंपाचे आडवे बल सगळे दोन आरसीसी बुरुजांवर सोपवावे आणि लाकडी मजल्यांनी ते तिथपर्यंत फक्त पोहोचवावे, असा आराखडा मी सुचवेन. स्ट्रक्चरल इंजिनिअर लाकडाचे गणित युरोकोड ५ या लाकडी बांधकामाच्या युरोपीय मानकावर करील. त्याची तपासणी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठासारख्या संस्थेकडून करून घेतली की परवानगीच्या टेबलावर बोलणे सोपे जाते. अग्निशमन अधिकाऱ्यांना मात्र नकाशे दाखल करण्याआधीच भेटावे, विमा कंपनीलाही तेव्हाच विचारावे.

आवाजाबद्दल आर्किटेक्ट सहसा बोलत नाहीत. उघडा सीएलटी मजला पावलांचा आवाज खाली जवळजवळ जसाच्या तसा सोडतो, आणि मधली सुट्टी झाली की खालच्या वर्गाला शिकवणे अशक्य होते. रबराच्या चटईवर पन्नास-साठ मिलिमीटरचे काँक्रीट आणि त्यावर फरशी, एवढे खर्चात आधीच धरावे. पैसे कमी पडले की हाच थर पहिला कापला जातो, तो कापू देऊ नये. उन्हाळ्याबाबतही एक भाबडा समज आहे. लाकडातून उष्णता कमी वाहते हे खरे, पण ते हलके असल्याने दगडी भिंतीसारखा रात्रीचा गारवा साठवून ठेवत नाही. चाळीस मुले बसलेल्या वर्गाला समोरासमोरच्या खिडक्या, वर गरम हवा निघायला झडपा आणि छपरावर चांगले इन्सुलेशन, हे सगळे लागेलच.

खर्च आजच्या घडीला आरसीसीपेक्षा जास्त येतो. आयात, विनिमयदर आणि क्रेन यांचा तो परिणाम आहे. पाया हलका होतो, सेंटरिंग आणि क्युरिंग वाचते, काही महिने वाचतात, पण या सगळ्या बचतीने फरक पूर्ण भरून निघतो असे मी सांगणार नाही. पर्यावरणाचा मुद्दाही मापात मांडावा. एक घनमीटर लाकडात साधारण पाऊण टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन साठलेला असतो आणि समुद्रमार्गे आणण्यात त्याचा लहानसा भागच खर्च होतो. मात्र तो साठा इमारत उभी असेपर्यंतचा आहे. सार्वजनिक इमारतींत लाकूड नकोच, ही जुनी सरकारी भूमिका केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३पासूनची बंदी २०२० साली उठवल्यावर बदललेली आहे, हे विश्वस्तांना सांगायला हरकत नाही. निधी कमी असेल तर मधला मार्ग आहे: तिन्ही मजले आरसीसीचे ठेवावेत आणि फक्त सभागृह व ग्रंथालयाचे छप्पर ग्लुलॅमचे करावे. कोरड्या राहणाऱ्या आणि आधारांमध्ये मोठे अंतर लागणाऱ्या जागीच लाकूड सर्वांत चांगले काम करते, त्यामुळे या पर्यायाला मी दुय्यम मानत नाही.

आपल्या वाड्याच्या सागवानाचे खांब-तुळया म्हणून शाळेत भार पेलायला वापरू नये. प्रत्येक नगाची प्रतवारी करावी लागेल, जुनी भोके, खिळे आणि आतून पोखरलेले भाग शोधावे लागतील, आणि एवढे करून मापे जुळणार नाहीत. मात्र ते चिरून जिन्याचे कठडे, वर्गांच्या चौकटी आणि ग्रंथालयाची कपाटे फार उत्तम होतील. चिरण्याआधी सुताराला प्रत्येक नगावर धातुशोधक फिरवायला सांगावे. जुन्या वाड्यांच्या लाकडात ठोकलेले लोखंडी खिळे आतच मोडलेले असतात आणि करवतीचे पाते त्यांवरच तुटते.